होकार दिला, जाहीर झालं, आणि संध्याकाळी फोन आला

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, इंडियानापोलिस कोल्ट्स या संघानं सकाळी जाहीर केलं की जॉश मॅकडॅनियल्स हा आपला नवा मुख्य प्रशिक्षक आहे. दुसऱ्या दिवशी पत्रकारांशी त्याची ओळख करून द्यायचा कार्यक्रम ठरला होता. त्याच संध्याकाळी मॅकडॅनियल्सनं कोल्ट्सच्या जनरल मॅनेजरला फोन केला आणि आपण येत नसल्याचं सांगून टाकलं. रात्री कोल्ट्सला दुसरं निवेदन काढावं लागलं. कराराच्या अटी मान्य केल्यानंतर त्यानं आज संध्याकाळी नकार कळवला आहे, आम्हाला धक्का बसला आहे, निराशाही झाली आहे, आणि नव्या प्रशिक्षकाचा शोध आम्ही लगेच सुरू करत आहोत, असा त्याचा मथितार्थ.

नोकरीला होकार देऊन मागे फिरण्याचे प्रकार रोज घडतात. बहुतेक वेळा दोन ईमेल, एचआरचा एक तापलेला फोन आणि त्यानंतरची शांतता, एवढ्यात ते संपतात. कुणी काय गमावलं, कुणाच्या पदरात काय पडलं, हे बाहेर कधीच येत नाही. हे प्रकरण मात्र भर उजेडात घडलं. तारखा माहीत आहेत, माणसं माहीत आहेत, पुढच्या सात-आठ वर्षांत प्रत्येकाचं काय झालं तेही नोंदलेलं आहे. फुटबॉल कळत नसला तरी काही बिघडत नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणजे विभागप्रमुख, त्याच्या हाताखाली विशेष कामांचे सहायक, आणि भरती करणारा जनरल मॅनेजर. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आधीची परिस्थिती

मॅकडॅनियल्स तेव्हा न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता. संघाची चढाई आखणं हे त्याचं काम. बिल बेलिचिक हा तिथला मुख्य प्रशिक्षक, आणि मॅकडॅनियल्स त्याच्याच हाताखाली तयार झालेला. मुख्य प्रशिक्षकपद त्यानं एकदा अनुभवलंही होतं. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डेन्व्हर ब्रॉन्कोसनं त्याला ते दिलं होतं आणि दुसराच हंगाम चालू असताना, डिसेंबर २०१० मध्ये, काढूनही घेतलं होतं. मधलं एक वर्ष सेंट लुइसमध्ये काढून २०१२ मध्ये तो पेट्रियट्सकडे परतला. म्हणजे मोठ्या पदाची ओढ होती आणि त्या पदानं पोळल्याची आठवणही होती. अशा माणसाचा होकार कधीच साधासरळ नसतो, आणि भरती करणाऱ्यानं हे आधीच ओळखायला हवं असं माझं मत.

कोल्ट्सची अवस्था बिकट होती. २०१७ च्या हंगामात १६ पैकी फक्त ४ सामने जिंकलेले. संघाचा आधारस्तंभ अँड्र्यू लक खांद्याच्या दुखण्यामुळे वर्षभर मैदानाबाहेर. ३१ डिसेंबरला जुन्या प्रशिक्षकाला निरोप देऊन जनरल मॅनेजर ख्रिस बॅलर्डनं शोध सुरू केला, आणि जानेवारीत निवड मॅकडॅनियल्सवर येऊन ठरली. बातम्यांमध्ये ती पक्की समजली जात होती.

मात्र सही होऊ शकत नव्हती. ज्या सहायकाचा संघ अजून बाद फेरीत खेळतो आहे त्याची मुलाखत ठरलेल्या दिवसांत घेता येते, पण त्याचा हंगाम संपेपर्यंत त्याला करारबद्ध करता येत नाही, असा लीगचा नियम. पेट्रियट्स जिंकत जिंकत थेट अंतिम सामन्यापर्यंत, ४ फेब्रुवारीच्या सुपर बोलपर्यंत पोचले. त्यामुळे जानेवारीतला होकार हा फेब्रुवारीपर्यंत नुसता शब्द होता.

ही पोकळी या प्रकरणाचा गाभा आहे. ज्या क्षेत्रांत नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असतो तिथल्या लोकांना तिची नीट ओळख असेल. नवीन ठिकाणी अजून पाऊल पडलेलं नाही, जुन्या ठिकाणचं काम चालूच आहे, रोज त्याच माणसांबरोबर उठबस आहे. होकार देताना डोळ्यांसमोर नवं पद असतं. पोकळीत मात्र दिसत राहते ती जुनी खुर्ची, आणि दिवसेंदिवस ती जास्तच आरामशीर वाटायला लागते.

त्या पोकळीत काय काय उभं राहिलं

कोल्ट्सनं शोध थांबवला. ते साहजिकच होतं. दरम्यान इतर संघांच्या जागा भरत गेल्या. शिकागो, ओकलंड, टेनेसी, न्यूयॉर्क जायंट्स, अ‍ॅरिझोना, सगळ्यांनी आपापले प्रशिक्षक घेतले. सुपर बोल संपला तेव्हा बाजारात पहिल्या पसंतीची माणसं उरलीच नव्हती.

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे मॅकडॅनियल्सच्या होऊ घातलेल्या चमूतले तीन सहायक कोल्ट्सशी करार करून बसले होते. बचावफळीची जबाबदारी घेणारा मॅट एबरफ्लस डॅलस काउबॉइज सोडून आला होता. डेव्ह डीगुलिएल्मो आक्रमणाच्या पुढच्या फळीचा प्रशिक्षक होणार होता आणि माइक फेअर बचावाच्या पुढच्या फळीचा. या तिघांवर लीगच्या त्या नियमाचं बंधन नव्हतं, त्यामुळे त्यांच्या सह्या आधी झाल्या. साहेबाची सही बाकी, हाताखालच्यांच्या झालेल्या, असा उलटा प्रकार. ज्याच्या शब्दावर हे सगळं चाललं होतं तो एकटाच कागदावर मोकळा होता.

आणि मग रविवारचा सामना. फिलाडेल्फिया ईगल्सनं पेट्रियट्सना ४१–३३ असं हरवलं. सोमवारी पेट्रियट्सच्या बचावाची आखणी करणारा मॅट पॅट्रिशिया डेट्रॉइट लायन्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून जाहीर झाला. तोही मॅकडॅनियल्ससारखाच थांबलेला होता, त्याचंही ठरलेलं होतं. तो गेला.

आता पेट्रियट्सच्या बाजूनं पाहा. एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंचे प्रमुख जाणार, बेलिचिकचं वय ६५, आणि अंतिम सामना नुकताच हरलेला. मंगळवारी संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट आणि बेलिचिक दोघंही मॅकडॅनियल्सशी बोलले. बातम्यांनुसार करारात भरघोस वाढ मिळाली आणि संघ चालवण्याच्या कामात बेलिचिक त्याला अधिक सामील करून घेणार असंही ठरलं. आपल्या इथल्या भवितव्याबद्दल इतक्या मोकळेपणानं पहिल्यांदाच बोलणं झालं, असा मॅकडॅनियल्सच्या नंतरच्या बोलण्याचा सूर होता. घरच्यांनाही गाव सोडायचं नव्हतं, असं सांगितलं गेलं.

यातलं एकही कारण खोटं किंवा क्षुल्लक नाही. पण त्यांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत. मुलाबाळांना घेऊन दुसऱ्या शहरात जायचं की नाही हा प्रश्न जानेवारीतही होता. तो फेब्रुवारीतच कळला असं कुणी म्हणू शकत नाही. मालकांचं बोलणं मात्र खरोखर त्याच दिवसाचं. बहुतेक माघारींत अशी सरमिसळ असते. जुनी, दाबून ठेवलेली शंका आणि नवं, ताजं आमिष. सांगताना आपण आमिष मागे ठेवतो आणि शंका पुढे करतो, कारण घरच्यांचं नाव घेतलं की समोरच्याला वाद घालता येत नाही. मला विचाराल तर समोरच्याचा राग कारणावर नसतोच. ज्या गोष्टीचा विचार करायला महिना होता ती शेवटच्या दिवशी का सुचली, यावर असतो.

जुन्या मालकाची जबाबदारीही इथं सोडून देण्यासारखी नाही. माणूस जाणार हे महिनाभर माहीत होतं. मनातलं सांगायचं तर मुलाखतीला जायच्या आधी सांगता आलं असतं. निघायच्या दिवशी दिलेल्या काउंटर ऑफरला प्रेम म्हणायला मी तरी तयार नाही. पॅट्रिशिया सोमवारी गेला नसता तर मंगळवारचं बोलणं त्याच जोरानं झालं असतं का, अशी मला शंका आहे.

फोन आणि त्यानंतरचे पाच दिवस

बॅलर्डनं दुसऱ्या दिवशी पत्रकारांना त्या फोनबद्दल सांगितलं. मॅकडॅनियल्स बोलायला लागला तेव्हा त्यानं त्याला एवढंच विचारलं, येतोयस की नाही? उत्तर नकाराचं आलं. स्पष्टीकरण ऐकण्यात त्याला रस नव्हता. मनधरणी नाही, आकडा वाढवून देऊ का अशी विचारणा नाही, वकिलाची धमकी नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा क्षण वाटतो. मागे फिरणाऱ्या माणसाला आग्रहानं आणलं तर तो येतो, पण अर्धा येतो, आणि उरलेला अर्धा सहा महिन्यांनी राजीनामा देतो.

दुसरं म्हणजे त्या तीन सहायकांचे करार पाळले जातील हे बॅलर्डनं लगेच स्पष्ट केलं. नवा मुख्य प्रशिक्षक कोणीही आला तरी ही माणसं इथंच राहतील. पत्रकार परिषद संपवून उठताना त्यानं एकच वाक्य टाकलं, की दोन संघांतलं जुनं वैर आता पुन्हा सुरू झालं आहे. त्याला पार्श्वभूमी होती. २०१५ च्या जानेवारीत पेट्रियट्सच्या चेंडूंमध्ये हवा कमी असल्याची तक्रार कोल्ट्सकडूनच गेली होती आणि ते प्रकरण पेट्रियट्सचा मुख्य खेळाडू टॉम ब्रेडी याच्यावरच्या चार सामन्यांच्या बंदीपर्यंत पोचलं होतं. एवढा एक टोमणा सोडला तर बॅलर्डनं संताप खर्च केला नाही. ११ फेब्रुवारीला कोल्ट्सनं फ्रँक राइकला नेमलं. ज्या ईगल्सनं आठवड्यापूर्वी मॅकडॅनियल्सच्या संघाला हरवलं त्यांच्या चढाईचा हा कोऑर्डिनेटर.

मॅकडॅनियल्सच्या बाजूला पहिला फटका घरातूनच बसला. त्याचा एजंट बॉब लामाँटनं त्याचं प्रतिनिधित्व करणं थांबवलं. एजंटाकडे विकायला दुसरं असतं काय? संघांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हेच त्याचं भांडवल. अशिलानं दिलेला होकार त्याच्याच तोंडून गेलेला असतो. रिक्रूटमेंट कन्सल्टंटमार्फत नोकरी पाहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपण कंपनीला नाही म्हणतो तेव्हा मधल्या माणसाचंही नाक कापलं जातं, आणि तो माणूस याच क्षेत्रात आणखी वीस जणांशी रोज बोलत असतो.

कायदा कुठवर पोचतो

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि त्याला फारसा अर्थ नसतो. मॅकडॅनियल्सनं सही केलेलीच नव्हती. लीगच्या नियमानुसार त्याला करता येतही नव्हती. तेव्हा मोडायला लेखी करारच नव्हता.

पण समजा असता, तरी? माणसाला कामावर यायला कोर्ट भाग पाडत नाही. याबाबतचा वळण देणारा खटला जुना आहे, लंडनचा, १८५२ सालचा. योहाना वाग्नर या गायिकेनं बेंजामिन लम्ली या नाट्यगृहाच्या चालकाशी तीन महिने गाण्याचा करार केला आणि आणखी पैसे मिळतात म्हणून प्रतिस्पर्धी फ्रेडरिक गायकडे जायचं ठरवलं. लॉर्ड चॅन्सेलर सेंट लिओनार्ड्स यांनी निकाल दिला की तिला लम्लीकडे गायला लावण्याची ताकद माझ्याकडे नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून मी तिला रोखू शकतो. तिला रोखलं गेलं. लम्लीकडेही ती गायली नाही आणि गायकडेही नाही. सक्तीनं काम नाही, फार तर मनाई किंवा नुकसानभरपाई, ही चौकट इंग्रजी कायद्याच्या परंपरेतल्या देशांत आजही मोठ्या प्रमाणात टिकून आहे.

सहीनं फरक पडतो तो किमतीत. जून २००७ मध्ये बिली डोनोव्हन या बास्केटबॉल प्रशिक्षकानं फ्लोरिडा विद्यापीठ सोडून ओरलँडो मॅजिकशी पाच वर्षांचा, २ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. सही झाली, पत्रकार परिषद झाली, आणि काही दिवसांतच त्याला परत विद्यापीठात जावंसं वाटलं. ओरलँडोनं त्याला सोडलं, पण पुढची पाच वर्षं एनबीएमध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, कुठंही प्रशिक्षक होणार नाही अशी अट मान्य करून घेऊन. एनबीएमध्ये तो प्रत्यक्षात आला २०१५ मध्ये. म्हणजे शब्द मोडणाऱ्याला एजंट गमवावा लागला, सही मोडणाऱ्याला पाच वर्षांचं दार.

आणि तिसरं उदाहरण तर याच गोष्टीतल्या एका पात्राचं आहे. ३ जानेवारी २००० ला न्यूयॉर्क जेट्सचा मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स पायउतार झाला आणि आधीच ठरलेल्या करारानुसार त्याचा सहायक त्या पदावर आला. दुसऱ्याच दिवशी, त्याची ओळख करून देण्यासाठी बोलावलेल्या पत्रकार परिषदेत, त्या सहायकानं राजीनामा दिला. कागदाच्या चिटोऱ्यावर त्यानं हातानं एक ओळ खरडली होती, जेट्सच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा राजीनामा देत आहे एवढीच, आणि त्या पदाचं व संघाचं नावही संक्षेपात. तो सहायक म्हणजे बिल बेलिचिक. लीगच्या आयुक्तांनी जेट्सचा करार वैध ठरवला, त्यामुळे त्याला घ्यायचं तर पेट्रियट्सना जेट्सला मोबदला देणं भाग पडलं. त्यांनी त्या वर्षीचा नवोदित निवडीच्या पहिल्या फेरीचा आपला हक्क देऊन टाकला. अठरा वर्षांनी मॅकडॅनियल्सला थांबवून घेणाऱ्या माणसाला पत्रकार परिषदेच्या तोंडावर मागे फिरणं काय असतं हे चांगलंच ठाऊक होतं!

नाण्याची दुसरी बाजूही एकदा पाहून घेऊ, कारण होकारानंतर मागे फिरणाऱ्यांत मालकही असतात. १९८१ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका फार्मासिस्टचं प्रकरण आलं. ऑफर मिळाली म्हणून त्यानं असलेली नोकरी सोडली, आणखी एक ऑफर नाकारली, आणि मग मालकानं हात वर केले. ती नोकरी अशी होती की मालक त्याला रुजू झाल्यावर कधीही काढू शकला असता. तरीही न्यायालयानं म्हटलं की दिलेल्या वचनावर विसंबून त्यानं जे गमावलं त्याची भरपाई मिळायला हवी. (२०१८ चा तो सुपर बोलही मिनेसोटातच झाला, पण हा निव्वळ योगायोग.) मला या निकालातला विचार महत्त्वाचा वाटतो, कारण तो करारापेक्षा विसंबण्याकडे पाहतो. तुमच्या शब्दावर कोण किती अंतर चालून गेला?

मग चूक नेमकी कुठे

त्या फूटपट्टीनं मोजलं तर मॅकडॅनियल्सनं पेट्रियट्समध्ये राहायचं ठरवलं यात मला काहीच गैर दिसत नाही. नोकरी बदलणं हा मोठा निर्णय असतो आणि माणसाला मत बदलायचा हक्क आहे. चूक आहे ती दिवसांच्या हिशेबात.

तीन सहायकांनी सह्या करायच्या आधी शंका बोलून दाखवली असती तर कोल्ट्सचा फक्त वेळ गेला असता. सामन्याच्या आधी बोलला असता तर कोल्ट्सला दुसरी माणसं पाहायला निदान आठवडा मिळाला असता. सोमवारी, अगदी मंगळवारी सकाळीही, एक फोन गेला असता की मालकांशी माझं बोलणं चालू आहे, आज काही जाहीर करू नका, तरी चारचौघांतली नाचक्की टळली असती. ती बातमी अप्रिय असती, पण बॅलर्डच्या हातात काहीतरी उरलं असतं. शंका आल्याची बातमी आणि नकाराची बातमी या दोन वेगळ्या बातम्या आहेत हे लोक विसरतात. पक्कं ठरेपर्यंत गप्प बसायचं हा सभ्यपणा वाटतो. प्रत्यक्षात आपण आपल्या अनिश्चिततेची किंमत समोरच्याच्या खात्यात टाकत असतो आणि ती रोज वाढत असते.

वाचकांपैकी कुणी आज अशाच पोकळीत अडकलेलं असेल तर त्याला माझं सांगणं थोडक्यात असं. निर्णय झाला असेल तर आजच फोन करा. ईमेल नंतर पाठवा, आधी नको. ज्यानं तुमची निवड केली त्यालाच करा, एचआरच्या कनिष्ठाला गाठून मोकळे होऊ नका. फोनवर म्हणायचं ते फार नसतं: "मी तुमची ऑफर स्वीकारली होती, पण मी येऊ शकत नाही. निर्णय पक्का आहे, मी वाटाघाटीसाठी बोलत नाहीये. यामुळे तुमचं नुकसान होतंय याची मला जाणीव आहे. लेखी लगेच पाठवतो." एवढं बोलून गप्प बसा आणि समोरचा जे बोलेल ते ऐकून घ्या. खोटं कारण सांगू नका. आजारपणाचं तर मुळीच नको, सहा महिन्यांनी तुमचा नवा हुद्दा त्यांना दिसणारच आहे. कारण सांगायचं नसेल तर "वैयक्तिक" म्हणून थांबा. जॉइनिंग बोनस, सामान हलवायचा खर्च, लॅपटॉप, जे काही घेतलं असेल ते मागायच्या आत परत करा. सही केलेली असेल तर फोनच्या आधी तो कागद काढून नोटीस, बाँड आणि भरपाईची कलमं वाचा. रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

आणि तुमच्या भरवशावर कुणी निघालं असेल, जुना सहकारी, हाताखालचा, तुम्ही शिफारस केलेला कुणी, तर त्याला स्वतः कळवा. त्याला ते नव्या साहेबाकडून किंवा बातमीतून कळता कामा नये.

भरती करणाऱ्यांसाठीही इथं दोन गोष्टी आहेत. कोल्ट्सनं सही व्हायच्या आधी जाहीर केलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता, पण नेमका तोच दिवस महागात पडला. उत्साहात बाहेर बातमी देण्याआधी कागद हातात असावा, हे सांगायला फुटबॉलची गरज नाही. पण त्यांनी जे बरोबर केलं तेही तेवढंच शिकण्यासारखं. सहायकांचे करार संघाशी होते. मुख्य प्रशिक्षक गळाला म्हणून ते गळाले नाहीत, आणि ते पाळण्यात बॅलर्डनं घासाघीस केली नाही. पोकळीच्या काळात उमेदवाराशी बोलत राहणं हाही एक उपाय असतो. आठवड्याला एक साधा फोन, एखाद्या बैठकीचं बोलावणं. मात्र ज्याचा संघ अंतिम सामन्याच्या तयारीत आहे त्याच्याशी किती बोलणार, ही कोल्ट्सची अडचण खरी होती.

पुढे काय झालं

इथं बोधकथा शोधणाऱ्यांची निराशा होईल. मॅकडॅनियल्स थांबला आणि ३ फेब्रुवारी २०१९ ला पेट्रियट्सनं लॉस एंजलिस रॅम्सला १३–३ हरवून सुपर बोल जिंकला. मधे, ४ ऑक्टोबर २०१८ ला, कोल्ट्स पेट्रियट्सच्या मैदानावर येऊन ३८–२४ हरले होते. शब्द पाळून डेट्रॉइटला गेलेला पॅट्रिशिया मात्र १३ विजय, २९ पराभव आणि १ बरोबरी अशा कामगिरीनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये काढला गेला. परिणाम पाहून निर्णयाची नीती ठरवायची म्हटलं तर इथं फसगत होते.

मुख्य प्रशिक्षकपद मॅकडॅनियल्सला पुन्हा मिळायला मात्र चार वर्षं लागली. जानेवारी २०२२ मध्ये लास व्हेगस रेडर्सनं त्याला घेतलं. २५ सामन्यांत ९ विजय मिळाल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तेही गेलं. त्या चार वर्षांतला किती काळ २०१८ च्या त्या संध्याकाळमुळे गेला हे कुणी मोजू शकणार नाही. कोणत्याच मुलाखतीत असं कारण तोंडावर सांगत नाहीत. २०२५ मध्ये तो पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा, पेट्रियट्सचा सहायक म्हणून परतला. बेलिचिक तोवर तिथून गेलेला होता.

कोल्ट्सनं राइकच्या पहिल्या वर्षी पहिल्या सहा सामन्यांपैकी एकच जिंकला आणि तरीही १०–६ अशी मजल मारून बाद फेरी गाठली. तिथला एक सामना जिंकला, दुसऱ्यात कॅन्सस सिटीकडून हरले. एबरफ्लस चार हंगाम राहिला आणि २०२२ मध्ये शिकागो बेअर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.

राहिला डीगुलिएल्मो. त्याच्या फळीचं काम म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, पाडू न देणं. २०१८ च्या संपूर्ण हंगामात कोल्ट्सचा क्वार्टरबॅक फक्त १८ वेळा चेंडूसकट पाडला गेला, लीगमधल्या ३२ संघांत सर्वांत कमी. हंगाम संपल्यावर, जानेवारी २०१९ मध्ये, त्याला जायला सांगण्यात आलं. एजंट, मालक, भरघोस वाढ यांतलं काहीच त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. तो आला होता एका साहेबाच्या चमूत आणि काम केलं दुसऱ्याच्या हाताखाली. त्या दुसऱ्यानं, वर्षभर त्याला नीट वागवून, शेवटी आपल्या पसंतीचा माणूस आणला.